पुसलेल्या नोंदींचा साक्षीदार

बँकेत नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनी मला एक धडा दिला होता. लेजरमध्ये चूक झाली तर खाडाखोड करायची नाही आणि ब्लेडने खरवडायचे तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. नोंदच चुकीच्या खात्याला पडली असेल तर तीही पुसायची नाही. तिची उलट नोंद करायची. "बाई, झालेलं नाहीसं होत नाही," ते म्हणाले होते, "फक्त त्याच्यापुढे आणखी काही लिहिता येतं." तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. म्हातारे गृहस्थ उगाच तत्त्वज्ञान सांगताहेत असे वाटले होते.

पुढे संगणक आले, लेजर अडगळीत गेली, मीही निवृत्त झाले. हेडक्लार्कचे ते वाक्य मात्र गेल्या मे महिन्यात अचानक आठवले, आणि तेही एका जपानी कार्टून मालिकेमुळे. 'कार्टून' हा शब्द लिहिताना मला धाकधूक वाटते आहे, कारण माझी सोळा वर्षांची नात हा लेख वाचणार आहे. "कार्टून म्हणू नकोस गं आजी, ॲनिमे म्हण," असे तिने मला सुट्टीत निदान दहा वेळा बजावले.

ॲनिमे म्हणजे जपानी धाटणीचे चित्रपट आणि चित्रमालिका. हे प्रकरण आपल्याला अगदीच परके आहे असे नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली आपल्या घराघरांत येत असे, तो जपानमध्येच चितारलेला होता. आपण त्याला 'जंगल बुक' म्हणत होतो आणि पोहे खाता खाता ॲनिमे बघत होतो. फरक इतकाच की जपानमध्ये ही कला केवळ मुलांपुरती राहिलेली नाही. मोठ्यांची दुःखेही तिथे याच रंगरेषांत मांडली जातात.

नातीने मला दाखवलेली मालिका होती 'स्टाइन्स गेट'. मूळ २००९ सालचा एक कथाप्रधान व्हिडिओ गेम, आणि त्यावरून २०११ साली 'व्हाइट फॉक्स' या स्टुडिओने केलेली चोवीस भागांची मालिका. कथा घडते टोकियोतल्या अकिहाबारा भागात. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांचा हा बाजार वाढत वाढत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची पेठ झाला. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची आठवण व्हावी असा. पुढे तिथे ॲनिमे आणि व्हिडिओ गेमच्या वेड्यांची जत्रा भरू लागली. या पेठेत, पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, रिंतारो ओकाबे हा अठरा वर्षांचा कॉलेजचा पोरगा आपली 'प्रयोगशाळा' चालवतो.

प्रयोगशाळा कसली, दोन खोल्यांचा अड्डाच तो! अंगात पांढरा कोट, बंद फोन कानाला लावून कुणा अदृश्य हस्तकाशी बोलायचे, स्वतःला 'होओइन क्योमा' असे भारदस्त नाव घेऊन वेडा शास्त्रज्ञ म्हणवायचे, आणि दर चार वाक्यांनंतर राक्षसी हसायचे. पहिले दोन-तीन भाग मला हा मुलगा अजिबात सहन झाला नाही. सोबत संगणकात मुरलेला दारू (दचकू नका, हे इतारू या नावाचे लाडके रूप) आणि मयुरी. मयुरी ही ओकाबेची लहानपणापासूनची मैत्रीण. भाबडी, सतत काहीतरी खाणारी, अड्ड्यावर बसून पोशाख शिवणारी. पुढे त्यांना अमेरिकेत मेंदूवर संशोधन करणारी कुरिसू ही हुशार मुलगी येऊन मिळते.

एका मायक्रोवेव्ह ओव्हनला फोन जोडण्याच्या खटाटोपात या मंडळींच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागते. त्या यंत्रातून भूतकाळात छोटासा संदेश पाठवता येतो. मोजकी अक्षरे, जुन्या तारेसारखी. मग एकेक जण आपली इच्छा घेऊन येतो. एका मुलीचे वडील दहा वर्षांपूर्वी विमान अपघातात गेलेले असतात, आणि त्याआधी तिने रागाच्या भरात त्यांना नको ते बोललेले असते. ती संदेश पाठवते, वडील विमानात बसत नाहीत आणि आज जिवंत असतात. एका मुलाला मुलगी म्हणून जन्मायचे असते, तेही घडते. दर वेळी सारे जग गुपचूप नव्याने मांडले जाते आणि जुने जग कुणाच्याही लक्षात राहत नाही. कुणाच्याही म्हणजे, एका ओकाबेखेरीज. का कोण जाणे, त्याच्याच डोक्यातली नोंद पुसली जात नाही.

सुरुवातीला त्याला याचा गर्वच वाटतो. मग येते १३ ऑगस्टची संध्याकाळ. या यंत्राच्या मागावर असलेल्या एका बलाढ्य संस्थेची शस्त्रधारी माणसे अड्ड्यात शिरतात आणि मयुरीला गोळी घालतात. त्याच्या थोडेच आधी तिचे खिशातले घड्याळ बंद पडलेले असते.

कुरिसूने तोवर यंत्रात एक सुधारणा केलेली असते. माणसाच्या आठवणी दोन दिवसांपर्यंत मागे, त्याच्याच डोक्यात पाठवता येतात. ओकाबे धावत जाऊन ती टोपी डोक्यावर चढवतो आणि मागे जातो. मयुरी पुन्हा समोर उभी असते, हसत, खात. तो तिला घेऊन पळतो. या खेपेला ती मोटारीखाली सापडते. तो पुन्हा मागे जातो. या खेपेला रेल्वेखाली. पुन्हा, आणि पुन्हा. कारण बदलते, रस्ता बदलतो, वेळ जवळपास तीच राहते.

इथे नातीने चित्र थांबवले आणि सहज विचारले, "आजी, तुला मागे जाता आलं तर कुठल्या दिवशी जाशील?"

मी काहीतरी थट्टेचे उत्तर दिले. सोने स्वस्त होते त्या दिवशी, असे काहीसे. पण माझ्या डोक्यात तारीख तयार होती. ती कायमच तयार असते.

३१ मार्च १९८९. मी पुण्यात एका शाखेत अधिकारी होते, आई सांगलीला एकटी होती. ज्यांनी बँकेत काढली आहे त्यांना ३१ मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या काकूंच्या घरून आईचा फोन आला. "येतेस का गं दोन दिवस? सहज आपलं." मी म्हटले, "आई, आज क्लोजिंग आहे, परवा येते." ती म्हणाली, "बरं, बरं, ये सवडीनं." एवढेच बोलणे. संध्याकाळी सेव्हिंग्जच्या लेजरांची बेरीज मुख्य खात्याशी जुळेना. फरक नव्वद रुपयांचा. फरकाला नऊने भाग जातो तेव्हा बहुधा कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेले असतात, हे आम्हांला पाठ होते. पण ते नेमके कुठे, हे शोधायला पाने उलटावीच लागतात. रात्री साडेनऊला सांगलीची एसटी होती. मला जा असे कुणी म्हटले नसते, पण जाऊ का असे विचारले असते तर कुणी अडवलेही नसते. मी विचारले नाही. साडेअकराला चूक सापडली. १२० च्या जागी २१० लिहिले गेले होते. पहाटे आई झोपेतच गेली.

त्या दिवशी मी मनाने किती वेळा जाऊन आले असेन, याची गणती नाही. कधी मी साडेनऊची एसटी पकडते. कधी फोनवरचे ते 'सहज' मला नीट ऐकू येते. कधी मी महिनाभर आधीच तिला पुण्याला घेऊन येते. प्रत्येक खेपेला पहाट होतेच. म्हणूनच ओकाबेची ती धावाधाव मला अशास्त्रीय वाटली नाही. घरातले माणूस अचानक गमावलेला कुणीही ती ओळखेल. त्याच्याकडे यंत्र आहे, आपल्याकडे नाही, एवढाच फरक.

पण या मालिकेचे मोठेपण असे, की ती यंत्राची किंमत पै-पैने वसूल करते. कालप्रवासाच्या गोष्टी जगात कमी नाहीत. जपानमध्येच उराशिमा तारो या कोळ्याची जुनी लोककथा आहे. समुद्रातल्या राजवाड्यात काही काळ राहून तो परततो, तर गावात कितीतरी पिढ्या उलटून गेलेल्या असतात. आपल्याकडच्या भागवतातली रेवती आणि तिचे वडील ककुद्मी यांचीही ब्रह्मलोकातून परतल्यावर हीच गत होते. अशा कथांत माणूस जगापेक्षा मागे पडतो. ओकाबेचे दुःख याच्या उलट आहे. त्याचे मित्र तेच, गल्ली तीच, तारीखही तीच. त्यांच्याबरोबर त्याने जे भोगले, ते मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या खाती नाही.

पहिली किंमत ही एकटेपणाची. दर वेळी मागे गेल्यावर त्याला सारे पहिल्यापासून सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी तोच अविश्वास बघावा लागतो. कुरिसू यावर एक उपाय काढते. पुढच्या वेळी माझा विश्वास बसावा म्हणून मला हे सांग, असे म्हणून ती त्याला स्वतःचे एक गुपित देते: तिला स्वतःचा, हक्काचा एक काटा हवा असतो. हो, जेवताना वापरतात तोच. अमेरिकेत नाव कमावलेल्या मुलीची ही इच्छा! विनोदी वाटणारा हा तपशील मला फार हलवून गेला. कारण ज्या क्षणी ती हे विश्वासाने सांगते, तो क्षण ती लवकरच विसरणार आहे, आणि तो फक्त त्याच्याजवळ उरणार आहे.

दुसरी किंमत अधिक भयंकर आहे. मयुरी पहिल्यांदा मरते तेव्हा तो आक्रोश करतो. पुढे पुढे तो आक्रोशही ओसरतो. डोळे घड्याळाकडे लागतात, डोके पुढच्या उडीचा हिशेब करू लागते. ज्या माणसासाठी हे सारे चालले आहे, त्याचा मृत्यू हळूहळू एक अडचण होऊन बसतो. दीर्घ आजाराच्या घरात उशापायथ्याशी बसलेल्यांना ही अवस्था ठाऊक असते आणि तिची लाजही वाटत असते.

तिसरी किंमत इतरांच्या सुखाची. मयुरीला वाचवायचे तर आधी पाठवलेला एकेक संदेश उलटवावा लागणार, हे त्याला कळते. म्हणजे त्या मुलीला परत मिळालेले वडील पुन्हा घालवायचे. संदेश तिनेच पाठवलेला असतो आणि तो रद्दही तिलाच करायचा असतो. दहा वर्षांचा सहवास मिळालेली ती मुलगी, खरे काय ते कळल्यावर, आपल्या हाताने वडिलांना त्या विमानाकडे परत पाठवते. सुझुहा नावाच्या आणखी एका मैत्रिणीला त्यांनी मायेपोटी एक रात्र थांबवून घेतलेले असते. त्या एका रात्रीच्या पावसात तिचे कालयंत्र बिघडते, ती १९७५ सालात जाऊन पोहोचते तेव्हा तिची स्मृती हरवते, आणि बऱ्याच वर्षांनी आपण इथे कशासाठी आलो होतो हे आठवते तेव्हा उशीर झालेला असतो. तिने मागे ठेवलेले पत्र ओकाबे २०१० साली वाचतो. आपण अयशस्वी झालो, एवढेच ती त्यात पुन्हा पुन्हा लिहिते. आपण चांगल्या मनाने कुणाला 'थांब गं, एक रात्र' म्हणतो, त्याचा हिशेब कुठे जाऊन लागेल, कुणी सांगावे!

आणि शेवटची किंमत कुरिसूची. सगळ्यात पहिला संदेश रद्द केला तरच मयुरी जगेल. पण ज्या जगात तो संदेश गेलाच नाही, त्या जगात कुरिसू २८ जुलैलाच रक्ताच्या थारोळ्यात पडलेली आहे. एक निवडायची. मयुरीला आपल्या मरणाची स्वप्ने पडू लागलेली असतात आणि आपण याच्यावर ओझे झालो, असे तिला वाटू लागते. कुरिसू तर स्वतःच त्याला परत जायला सांगते. दोघींपैकी एकीनेही 'मला वाचव' म्हटले असते, तर त्याला निवडणे सोपे गेले असते.

तो संदेश पुसतो. मयुरी वाचते आणि कुरिसूचे नावही कुणाला आठवत नाही. मयुरी विचारते, काय झाले? सांगणार काय? ज्या माणसाला आपल्याखेरीज कुणी ओळखत नव्हते, त्याचे सुतक धरायचे तरी कुणाबरोबर?

२०१८ साली याच कथेची दुसरी मालिका आली. तीत ओकाबेने सारे सोडून दिले आहे. पांढरा कोट गेला, ते राक्षसी हसू गेले. तो शहाण्यासारखा कॉलेजात जातो, मानसोपचार घेतो, गोळ्या खातो. तिथे त्याला कुरिसूच्या जुन्या आठवणींवरून बनवलेला एक संगणकीय प्रोग्राम भेटतो. आवाज तिचा, बोलणे तिचे; पण त्या आठवणी ओकाबेशी भेट होण्यापूर्वीच्या. ती त्याला ओळखत नाही. तरी तो तिच्याशी बोलत राहतो. आई गेल्यावर बरीच वर्षे मी तिचा चष्मा डबीतून काढून पुसत असे, ते मला आठवले.

त्या कोटाचे आणि हसण्याचे रहस्यही सांगायला हवे. आजी वारल्यावर लहानगी मयुरी रोज तिच्या थडग्याशी मुकी उभी राहत असे. एके दिवशी ढगांतून ऊन खाली आले आणि तिने त्या उजेडाकडे हात वर केला. ही आता जाणार, असे वाटून ओकाबेने तिला घट्ट धरले आणि म्हटले की तू माझी ओलीस आहेस, तुला कुठेही जाता येणार नाही. तो 'वेडा शास्त्रज्ञ' तेव्हा जन्मला. एका मुलीला या जगात धरून ठेवण्यासाठी केलेले सोंग होते ते! पहिल्या भागात मला असह्य झालेल्या त्या पोराची मी मनोमन क्षमा मागितली.

शेवट सांगितला तर नात रागावेल. पण तो सांगितल्याशिवाय मला मुद्द्याशी येता येत नाही. भविष्यातून आलेल्या यंत्रातून ओकाबे कुरिसूला वाचवायला २८ जुलैला परत जातो आणि झटापटीत तिला भोसकणारा हात त्याचाच ठरतो. तो मोडून परत येतो. तेव्हा त्याला पंधरा वर्षे पुढच्या, २०२५ सालच्या ओकाबेचा, म्हणजे स्वतःचाच निरोप मिळतो. भूतकाळ बदलू नकोस, असे तो सांगतो. तीन आठवड्यांत जे भोगलेस ते फुकट गेले असे समजू नकोस, ते पुसूही नकोस. त्या दिवशी तू काय पाहिले होतेस? रक्ताच्या थारोळ्यात निपचित पडलेली मुलगी. ती मेली, असे तू धरून चाललास. मग तेवढेच दृश्य राहू दे आणि तिला जगव. ओकाबे जातो, तिला बेशुद्ध करतो आणि थारोळे स्वतःच्या रक्ताने भरतो. लेजरमधला आकडा तसाच राहतो. त्याचा अर्थ बदलतो.

मला हेडक्लार्क आठवले ते इथे.

आणि आणखीही एक आठवले. २००३ साली सांगलीला एका लग्नात शेजारच्या त्या काकू भेटल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, त्या रात्री तुझी आई दहापर्यंत माझ्याकडेच बसली होती. तुझंच कौतुक चाललं होतं. म्हणाली, आज सगळ्या वर्षाचा हिशेब जुळवायचा असतो, माझी लेक असल्याशिवाय जुळत नाही त्यांचा. मग दूधभात खाऊन गेली झोपायला." तेव्हा मी ते कानाआड केले. माझ्या समाधानासाठी बोलल्या असतील, असे वाटले. आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही की ते खरेच होते. पण चौदा वर्षे मी त्या रात्रीचे फक्त माझे टोक धरून बसले होते. माझ्या मनातली आई त्या संध्याकाळी वाट बघत, हिरमुसून बसलेली असे. दुसऱ्या टोकाला ती काकूंकडे गप्पा मारत बसलेली असू शकेल, ही शक्यताच मी कधी वहीत धरली नव्हती.

यामुळे काही भरून निघाले, असे मी म्हणणार नाही. साडेनऊची एसटी माझ्याविनाच गेली, ती नोंद कायम आहे. तिच्याशेजारी सही माझीच आहे.

घरातल्या मोठ्यांसाठी एक सूचना. मालिकेत हिंसा आहे, तेव्हा ती लहान मुलांसाठी नाही. पण घरात पंधरा-सोळा वर्षांचे कुणी खोलीचे दार लावून असे काही बघत असेल, तर एकदा शेजारी जाऊन बसा. आपण ज्याला कार्टून म्हणतो, त्यात ती मुले कदाचित आपलीच एखादी रात्र बघत असतील.

सुट्टी संपून नात जायच्या आदल्या दिवशी मी तिला ३१ मार्चची गोष्ट सांगितली. तिच्या आईलाही मी ती कधी पुरती सांगितलेली नाही.

"नव्वद रुपये?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ती बराच वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण सापडले ना, आजी?"

"सापडले," मी म्हटले. "साडेअकराला."